एका हातानें पांच पात्रें

आमच्या चाळीसगांवाजवळील पाटण येथें भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं एक मठ स्थापिला होता, ही गोष्ट तेथील तेराव्या शतकाच्या आरंभींच्या शिलालेखावरून प्रसिद्ध आहे. पाटणादेवीच्या सहलीस गेलेल्या विद्यार्थ्यांनीं ती आपल्या गुरुजनांच्या तोंडून ऐकलीही असेल. परंतु त्याच भास्कराचार्यांनीं ‘लीलावती’च्या अंकपाश प्रकरणांत घातलेला एक मौजेचा प्रश्न फारच थोड्यांच्या ध्यानांत असतो. शंभूच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरु, कपाल, शूल अशीं दहा वस्तु आहेत. त्या या हातांतून त्या हातांत बदलीत गेल्यास मूर्तीचे किती भेद होतील? उत्तर येतें ३६,२८,८००. चार हातांच्या हरीची गदा, चक्र, कमळ व शंख यांच्या अदलाबदलीचे भेद मात्र अवघे २४. हात सहांनीं वाढले, आणि भेद चोविसांवरून छत्तीस लाखांच्या पलीकडे गेले!

हें गणित आम्हांस अलीकडे एका अगदीं निराळ्याच कामीं आठवलें. संगणकावरील खेळांत एकाच माणसानें एकाच वेळीं अनेक पात्रें चालवावयाचीं, त्यासाठीं कोणतें सॉफ्टवेअर निवडावें आणि तें कसें जुळवावें, हें तें काम होय. विषयाचें नांव ऐकूनच कित्येक पालक नाक मुरडतील. शाळेच्या वार्षिकांत असल्या खेळास जागा कशाला, असेंही कोणी म्हणेल. तथापि ज्या गोष्टीनें घरांतील मुलाची झोंप, वडिलांचा पैसा आणि मित्रांचा स्नेह या तिहींस एकदम हात घातला, ती क्षुल्लक म्हणून टाकून देतां येत नाहीं. सबब ती जशी घडली तशी आम्ही येथें सांगतों.

ज्या वाचकांस हे खेळ परिचित नाहींत त्यांच्यासाठीं प्रथम थोडा खुलासा केला पाहिजे. या जातीच्या खेळांत जगांतील हजारों माणसें आपापल्या घरीं बसून एकाच कल्पित प्रदेशांत उतरतात. प्रत्येकाचें एक पात्र असतें. तें हिंडतें, लढतें, धान्य, धातु व वनस्पति गोळा करितें आणि बाजारांत विकतें. १९९९ सालीं ‘एव्हरक्वेस्ट’, २००३ सालीं ‘ईव्ह ऑनलाइन’ व २००४ सालीं ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ असे यांतील नामांकित खेळ निघाले. वॉरक्राफ्टांत कित्येक भुयारें अशीं आहेत कीं, तेथें पांचांच्या टोळीनेंच शिरावें. त्या पांचांत एक जण ढाल होऊन शत्रूचे सर्व घाव आपल्या अंगावर घेतो, एक जण वैद्य होऊन त्याच्या जखमा भरून काढितो, आणि उरलेले तिघे प्रहार करितात. ढाल डळमळली तर वैद्य मरतो, आणि वैद्य चुकला तर ढाल मोडते. एकटा वीर कितीही पराक्रमी असला तरी तेथें त्याचा निभाव लागत नाहीं.

आतां कोणी असें करितो कीं, पांच मित्र न मिळवितां आपणच पांच खातीं उघडतो, पांच खिडक्यांत पांच पात्रें उभीं करितो आणि सर्वांस आपणच हांकतो. यास खेळाडूंच्या भाषेंत ‘मल्टिबॉक्सिंग’ म्हणतात. पूर्वीं याकरितां टेबलावर तीन-तीन, पांच-पांच संगणक मांडावे लागत. त्या पेट्यांवरूनच हें नांव पडलें. आतां एकाच बळकट यंत्रावर हें सारें होऊं शकतें.

आमचे धाकटे बंधु रेल्वे स्टेशनच्या बाजूस राहतात. त्यांचा चिरंजीव १९ वर्षांचा असून येथील महाविद्यालयांत विज्ञान शिकतो. आठव्या इयत्तेपासून तो व त्याच्या गल्लींतील चार सोबती मिळून असाच एक खेळ खेळत. शनिवारीं रात्रीं पांच घरांत पांच दिवे जळत आणि कानाला लावलेल्या यंत्रांतून एकमेकांच्या नांवानें हांका चालत. पुढें व्हावयाचें तेंच झालें. एक जण अभियांत्रिकी शिकावयास पुण्यास गेला. दुसऱ्यास नाशिकच्या एका कारखान्यांत नोकरी लागली. तिसऱ्याच्या वडिलांची बदली भुसावळास झाली. चौथा गांवांतच राहिला, परंतु वडील अकस्मात् वारल्यामुळें त्यास किराणा दुकानावर बसावें लागलें. रात्रीं दहा वाजतां दुकान बंद करून, हिशेब लिहून, धाकट्या बहिणीचा अभ्यास पाहून जो निजावयास जातो, त्यास खेळावयास बोलवावें तरी कोणत्या तोंडानें? हा चौथाच त्या टोळीचा वैद्य होता.

मुलगा कित्येक महिने कांहीं बोलला नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत मात्र त्यानें वडिलांपुढें आपला मनोदय मांडला कीं, पांच खातीं घेऊन पांचही पात्रें मी एकटाच चालवितों. वडील संतापले. “एका खात्यानें अभ्यासाचें मातेरें होतें, तेथें पांच कशाला?” असें म्हणून त्यांनीं संगणकाची तारच काढून कपाटांत ठेवली. आमच्या मातोश्री कोपऱ्यांत वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनीं आपल्या अहिराणींत एवढेंच विचारलें, “तू एकलाच पाच जणसले कसा सांभाळशी रे भो?” आमच्या मतें त्या दिवशीं घरांत विचारला गेलेला खरा प्रश्न हाच एक होता. मुलगा हंसला, पण त्यास उत्तर सुचलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तो आमच्याकडे आला. “आप्पा, तुम्ही बाबांस समजावा,” म्हणाला. आम्हीं तीन अटी घातल्या. खेळाचे नियम आधीं वाचून आम्हांस समजावून द्यावे. जास्तीचा खर्च त्यानें लहान मुलांच्या शिकवणीच्या स्वतःच्या पैशांतून करावा. आणि महाविद्यालयाची परीक्षा संपेपर्यंत कपाटांतील तार कपाटांतच राहावी. त्यानें तिन्ही मान्य केल्या. आमच्या बंधूंनींही, “दादा, तुम्ही पाहणार असाल तर ठीक,” असें म्हणून होकार दिला. अशा रीतीनें आम्हांस या विद्येचा अभ्यास घडला.

अभ्यास करूं लागतांच आम्हांस असें दिसून आलें कीं, एकानें अनेकांस चालविण्याची विद्या कांहीं नवी नव्हे. आमच्या लहानपणीं खानदेशांत ज्वारीची मळणी बैलांच्या पायांखालीं होई. खळ्याच्या मधोमध तिवडा रोंवीत आणि त्याभोंवतीं चार-सहा बैलांची पात धरीत. हांकणारा एक, शब्द एक, परंतु तिवड्याजवळचा बैल लहान पाऊल टाकी आणि कडेच्या बैलास मोठा फेरा घ्यावा लागे. ज्यानें कडेस म्हातारा बैल जुंपला त्याची पात मोडली म्हणून समजावें. आज्ञा एकच असली तरी प्रत्येकाचें काम निराळें असतें, हें तत्त्व खळ्यावर बाळबोध रीतीनें शिकावयास मिळे.

दुसरें उदाहरण कळसूत्री बाहुल्यांचें. जुन्या मराठींत बाहुलीस सायखडें म्हणत. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी नांवाचें गांव आहे. तेथील ठाकर समाजानें चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जतन केली आहे, आणि त्या कार्याबद्दल परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री ही पदवी मिळाली. बाहुल्या चालविणारा दोन हातांतील दोऱ्यांनीं पात्रें नाचवितो. एक बाहुली बोलत असतां दुसरीस जिवंत ठेवण्याकरितां तिची मान जराशी हलवीत राहावें लागतें, नाहीं तर ती लाकडाचा ठोकळा होऊन प्रेक्षकांचा भ्रम मोडते. १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ करून मराठी रंगभूमीचा पाया घालणारे विष्णुदास भावे यांनींही लांकडी बाहुल्या घडविल्या होत्या. सूत्र धरणारा तो सूत्रधार. हा शब्द आपण रोज वापरतों, परंतु सूत्र धरणाऱ्याच्या बोटांस काय कष्ट पडतात हें आपल्या मनांतही येत नाहीं.

तिसरें उदाहरण तर आमच्या दाराशींच आहे. चाळीसगांव हें जंक्शन. मुख्य रस्त्यापासून धुळ्याचा फांटा येथेंच फुटतो. जुन्या पद्धतीच्या रेल्वे केबिनींत लोखंडी दांड्यांची ओळ असे, आणि एक माणूस त्या दांड्यांनीं दूरदूरचे सांधे व सिग्नल हलवी. परंतु त्या दांड्यांखालीं कुलुपांची अशी योजना केलेली असे कीं, सांधा नीट बसून अडकल्याखेरीज त्या मार्गाचा सिग्नल पडतच नसे, आणि एकमेकांस छेदणाऱ्या दोन मार्गांचे सिग्नल एकदम पडणें तर अशक्यच. एकाच्या हातीं पुष्कळ सत्ता द्यावयाची असेल तर तिच्यांत चुकीची आज्ञा अडविणारीं कुलुपें आधीं बसवावीं, हें रेल्वेचें शहाणपण होय. पुढें सॉफ्टवेअर जुळवितांना आम्हांस याच शहाणपणाचा सर्वांत अधिक उपयोग झाला.

आतां सॉफ्टवेअरच्या निवडीकडे वळूं. या कामाचीं साधनें तीन जातींचीं आहेत. पहिल्या जातीचीं साधनें केवळ खिडक्या मांडतात: एक मोठी, चार लहान, आणि एका खिडकींतून दुसरींत झटकन नेतात. दुसऱ्या जातीचीं साधनें दाबलेली कळ एकाच वेळीं सर्व खिडक्यांस पोंचवितात. एक बोट दाबलें कीं पांच पात्रें हालतात. तिसऱ्या जातीचीं साधनें माणसावांचूनच खेळतात. माणूस निजलेला असतांही पात्र खाणी खणीत राहतें. ही तिसरी जात उघड लबाडी म्हणून बहुतेक सर्व खेळांत निषिद्ध आहे, तेव्हां तिचा विचारच नको.

पहिल्या दोन जातींतील कांहीं नांवें मुलानें आम्हांस दाखविलीं. ‘आयएसबॉक्सर’ हें ‘इनर स्पेस’ नांवाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आधारानें चालतें. त्यास वर्गणी पडते, परंतु खिडक्या मांडणें, त्यांची वेगमर्यादा ठरविणें, कोणत्या पात्रास कोणती कळ हें नेमणें, अशी सारी सोय त्यांत आहे. ‘हॉटकीनेट’ फुकट मिळतें, परंतु त्यास आज्ञांची लेखी यादी आपणच करून द्यावी लागते. २००३ सालीं निघालेलें ‘ऑटोहॉटकी’ हें खेळासाठीं म्हणून नव्हे, तर कीबोर्डाच्या कोणत्याही कामासाठीं केलेलें फुकट साधन असून त्याची स्वतःची एक लहानशी भाषा आहे. ती शिकली तर कचेरींतील कंटाळवाणीं कामेंही त्यानें हलकीं होतात. घर बांधतांना कोणी तयार दरवाजे आणतो आणि कोणी सुताराकडून आपल्या मापानें करून घेतो. यांतील भेदही साधारण तसाच समजावा.

येथपर्यंत प्रश्न सोयीचा होता. नियम वाचूं लागतांच तो न्यायाचा झाला. ‘ईव्ह ऑनलाइन’ खेळांत एकेक माणूस दहा-दहा, वीस-वीस जहाजें एका कळीनें चालवूं लागला. तीं एकाच क्षणीं तोफ डागीत आणि खनिजाचे ढीग उपशीत. एका पात्रानें घाम गाळून तेंच खनिज काढणाऱ्यास बाजारांत भाव मिळेना. अखेरीस खेळाच्या चालकांनीं नोव्हेंबर १९१४ नव्हे, अगदीं अलीकडे नोव्हेंबर २०१४ मध्यें जाहीर केलें आणि १ जानेवारी २०१५ पासून एक कळ अनेक खिडक्यांस पोंचविण्यास बंदी केली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या चालकांनीं पुष्कळ वर्षें हा प्रकार चालूं दिला होता, त्यांनींही नोव्हेंबर २०२० मध्यें तसाच निर्णय केला. मात्र ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, या दोन्ही ठिकाणीं एका माणसाचीं अनेक खातीं असण्यास त्या निर्णयांनीं मनाई केली नाहीं. मनाई केली ती एका दाबानें अनेकांस हलविण्यास. ज्याला पांच पात्रें चालवावयाचीं असतील त्यानें पांच वेळां लक्ष द्यावें, असा त्याचा अर्थ.

आम्हांस हा निवाडा मार्मिक वाटला. मुलास मात्र तो प्रथम फार कडू लागला. “पांचहीजणांचे पैसे मी भरतों, मग मी कळ कशी दाबावी हें त्यांनीं कां सांगावें?” असें तो म्हणाला. आम्हीं त्यास विचारलें, “तुझीं पात्रें जेथें हिंडतात तो प्रदेश तुझ्या एकट्याचा आहे काय? तुझ्या पांचांसमोर जर एकटें दुकटें कोणी आलें, आणि तुझ्या एका बोटासरशीं त्याच्यावर पांच घाव एकाच क्षणीं पडले, तर तें कोणत्या माणसाशीं लढलें असें समजेल?” तो गप्प राहिला. रात्रभर विचार करून सकाळीं आला, आणि पहिल्या जातीचेंच साधन घ्यावयाचें, म्हणजे एक दाब, एक खिडकी, एक कृति, असें त्यानें आपण होऊन सांगितलें. तो खेळत असलेल्या खेळाच्या नियमांतही अनेक खात्यांस परवानगी होती आणि एका कळीनें अनेक हलविण्यास नव्हती. त्याची शंका फिटावी म्हणून त्यानें नियमांचा तो भाग छापून भिंतीवर लाविला.

मग जुळवणी सुरू झाली. ती आम्ही थोड्या विस्तारानें देतों, कारण तींतील धडे इतर कामींही लागू पडतात.

पहिली गोष्ट यंत्राच्या शक्तीची. त्याच्या संगणकांत १६ गिगाबाइट स्मृति होती. पांच खिडक्या पूर्ण शोभेनें उघडल्या तेव्हां यंत्राचा श्वास कोंडला. सबब मागच्या चार खिडक्यांतील छाया, पाण्याच्या लाटा, दूरचे डोंगर असा सारा थाट काढून टाकला, आणि पुढच्या खिडकीस क्षणाला ६० चित्रें तर मागच्यांस १५ चित्रें अशी मर्यादा घातली. त्यांतून आमच्या खानदेशांतला मे महिना! पारा ४२ अंशांच्या वर, आणि यंत्राचा पंखा पिठाच्या चक्कीसारखा ओरडतो. पेटीचें झांकण काढून आंतील धूळ साफ केली, ती भिंतीपासून हातभर पुढें ओढली, आणि खेळ रात्रीं नवानंतरच, असें ठरलें. वीज गेली तर पांचही पात्रें भुयारांत जागच्या जागीं उभीं राहून मरतात. म्हणून इन्व्हर्टरवर फिरता पंखा बंद करून तेवढी वीज यंत्रास द्यावी लागे. त्याच्या आईनें ही व्यवस्था दोनच दिवस चालूं दिली. पुढें वीज जाण्याच्या वेळा पाहूनच खेळ होऊं लागला.

दुसरी गोष्ट खिडक्यांच्या क्रमाची. पांच खिडक्यांस पांच कळा नेमावयाच्या. त्या किती रीतींनीं नेमतां येतील? भास्कराचार्यांच्या रीतीनें पांच, चार, तीन, दोन व एक यांचा गुणाकार केला कीं १२० येतात. परंतु एकशेंवीसांतील सोयीच्या रीति दोनचारच. ढाल आणि वैद्य यांच्यामध्यें क्षणोक्षणीं ये-जा करावी लागते, म्हणून त्या दोघांच्या कळा शेजारीं शेजारीं हव्यात. प्रहार करणारे तिघे मागाहून ओळीनें. पहिल्या दिवशीं त्यानें वयाच्या क्रमानें, म्हणजे जें पात्र आधीं केलें तें आधीं, अशी मांडणी केली होती. त्यामुळें वैद्य पांचव्या कळीवर गेला आणि त्या रात्रीं टोळी अकरा वेळां मेली. गणित सर्व शक्य रीति दाखवितें. त्यांतील कामाची रीत शोधणें हें वापरणाऱ्याचें काम.

तिसरी गोष्ट ओळखीची. पांचही खिडक्या एकसारख्या दिसतात, आणि घाईंत वैद्याची आज्ञा ढालीस दिली जाते. यावर उपाय म्हणून प्रत्येक खिडकीस निराळ्या रंगाची चौकट दिली: ढालीस निळी, वैद्यास हिरवी, बाकीच्यांस तांबडी, पिवळी व जांभळी. आवाज पांचांचा सोडला तर आठवड्याच्या बाजाराचा गलबला होतो; म्हणून फक्त ढालीचा आवाज ठेवला. केबिनींतील कुलुपांप्रमाणें एक योजनाही केली: जी कळ पात्रास रणांतून पळवून नेते किंवा जवळची वस्तु फेंकून देते, ती कळ मागच्या चारही खिडक्यांत मुळीं नेमलीच नाहीं. चुकून बोट पडलें तरी अनर्थ होऊं नये.

चौथी गोष्ट खेळाच्या आंतल्या आज्ञांची. ‘मागें चल’ व ‘म्होरक्याचें लक्ष्य तेंच तुझें लक्ष्य’ अशा दोन आज्ञा खेळच देतो. त्या लहानशा मजकुराच्या रूपानें एका कळीवर बसवितां येतात. वॉरक्राफ्टांत असा मजकूर २५५ अक्षरांपलीकडे जाऊं देत नाहींत. थोडक्यांत आज्ञा लिहिण्याची ही संवय फार चांगली. आम्हीं पाहिलें कीं, निबंधांत चार ओळी भरून एक गोष्ट सांगणारा हा मुलगा तेथें एकही शब्द वायां जाऊं देत नसे.

पांचवी गोष्ट सुरक्षिततेची, आणि पालकांनीं हिच्याकडे विशेष लक्ष द्यावें. जें साधन कळा इकडून तिकडे पोंचवितें, त्यास तुमच्या सर्व कळा दिसतात. त्यांत परवलीचा शब्दही आला. म्हणून साधन त्याच्या मूळ कर्त्याकडूनच घ्यावें. कोणी अनोळखी माणसानें फुकट म्हणून दिलेली प्रत कधीं घेऊं नये. पांच खात्यांस पांच निराळे परवलीचे शब्द ठेवावे. मित्राचें खातें मित्राच्या संमतीनेंही चालवूं नये, कारण खातें हें बहुतेक खेळांत ज्याचें त्यानेंच वापरावयाचें असतें. मुलानें जुन्या सोबत्यांचीं पात्रें मागितलीं नाहींत. स्वतःचीं नवीं केलीं, हें आम्हांस फार आवडलें.

सारें जुळल्यावर एके रात्रीं आम्ही त्याच्या मागें खुर्ची टाकून पाहत बसलों. तो ढालीस पुढें नेई, शत्रूस आपल्या अंगावर घेई, लगेच हिरव्या चौकटींत जाऊन जखम बांधी, तेथून तांबडींत एक घाव, पिवळींत एक घाव, परत निळींत. ओंठांत कांहीं मोजणें चाललें होतें. एक-दोन-एक-तीन-एक-चार, असा तो ठेका होता. भजनांतील पखवाजी जसा हात चालवितांना मान हलवितो तशी त्याची मान हलत होती. तीन पात्रें तो सुरेख चालवी, चौथें लंगडे, आणि पांचवें बहुतेक वेळ दाराशींच उभें असे. एकदां भुयाराच्या अखेरीस पोंचून टोळी जिंकली. आम्हीं टाळी वाजविली. तो मात्र खुर्चींत मागें रेलून म्हणाला, “आप्पा, जिंकलों, पण ओरडायला कोणी नाहीं.”

त्या एका वाक्यांत आमच्या मातोश्रींच्या प्रश्नाचें उत्तर होतें. पांच जणांचीं कामें एकाला सांभाळतां येतात. युक्ति, सराव व चांगलें साधन असलें म्हणजे झालें. परंतु पांच जणांची सोबत एकाला करून घेतां येत नाहीं. पुण्याचा मुलगा पूर्वीं प्रत्येक वेळीं भलत्याच दारांतून शिरून सर्वांस संकटांत घाली. त्याची ती चूक पांच खिडक्यांत कोठेंच नव्हती, आणि तिच्यावांचून भुयार सुनें वाटत होतें.

यावर त्यानें सॉफ्टवेअर फेंकून दिलें, असें आम्ही लिहिणार नाहीं. कारण तसें झालें नाहीं. त्यानें पुण्यास व भुसावळास निरोप धाडिला कीं, तुम्ही दोघे रविवारीं तास दीड तास काढा, नाशिकच्या पाळीचें व दुकानाचें मी पाहतों. दोघे आले. महिन्याची वर्गणी संपतांच त्यानें पांचांपैकीं दोन खातीं बंद केलीं. आतां टोळींत माणसें तीन आणि पात्रें पांच. ढाल, वैद्य व एक प्रहारी मिळून तीन पात्रें आमचा पुतण्या चालवितो, आणि तेवढीं त्यास बेताचीं आहेत. पैसा आटोक्यांत आला, जागरण एका रात्रीवर आलें. बंधूंनींही तार कपाटांत ठेवण्याचें सोडलें.

वैद्याच्या पात्रास त्यानें दुकानावरील मित्राच्या टोपणनांवाचेंच नांव दिलें आहे. कधीं कधीं रात्रीं साडेदहाच्या सुमारास तो मित्र दुकानाची किल्ली खिशांत टाकून येतो, दाराशीं चप्पल काढतो आणि पुतण्याच्या पाठीशीं उभा राहतो. “अरे, आधीं ढालीला बांध, मग बाकीच्यांना,” असें सांगतो. दहा मिनिटें थांबतो, चहा घेतो, आणि जातो. तो पुन्हां कधीं कळांवर हात ठेवील कीं नाहीं हें आम्ही जाणत नाहीं. पुतण्याही त्यास आग्रह करीत नाहीं. पण हिरव्या चौकटीची खिडकी तो चालवितो ती मित्राची जागा राखून ठेवावी तशी.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कित्येकांस पुढें अनेक यंत्रें, अनेक माणसें, कदाचित् मोठमोठे कारखाने एका जागीं बसून चालवावे लागतील, आणि त्या वेळीं एका बोटानें शंभरांस हलविणारीं साधनें तुमच्या हातीं असतील. तीं अवश्य शिका. परंतु नियम आधीं वाचा, कुलुपें आधीं बसवा, आणि ज्यास हलवितां त्याचें काम काय आहे याकडे एकेकदां तरी निराळें लक्ष द्या. पालकांसही आमची एक विनंति आहे. मुलानें पांच खातीं मागितलीं तर तार काढण्यापूर्वीं त्यास एवढें विचारावें कीं, बाबा, तुझे चार सोबती कोठें गेले? त्यांतील एखादा कदाचित् आपल्याच गल्लींत, दुकानाच्या दिव्याखालीं हिशेब लिहीत बसलेला असेल.